दोघींना वळता येईल एवढाच कळप

लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा माझ्या मागोमाग एक ट्रक आला होता. वडील तालुक्याच्या गावी वीजघरात नोकरीला, आणि मी एकुलती. त्यांनी हौसेनं सगळं दिलं. नारिंगी रंगाच्या नक्षीदार पेट्या, आरशाचं कपाट, उलगडला की पलंग होणारा सोफा, शिलाई मशीन, बारा कपबश्या, टीव्ही आणि तो चालवायला एक मोठी बॅटरी. सासर म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड जेनाची एक गोल गेर, म्हणजे उंटावर लादून नेता येईल असा तंबू, आत मधोमध शेगडी. गालसान, माझा नवरा, भावंडांत धाकटा. आमच्याकडे आईची चूल धाकट्याकडे राहते, त्यामुळे सासूबाई आणि आम्ही एकाच गेरमध्ये.

सामान उतरवताना सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं नाव यांजमा. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीच्या, आणि वाऱ्यानं चेहरा असा कमावलेला की हसल्या की रडल्या ते पटकन कळायचं नाही. त्यांनी कशाला नाव ठेवलं नाही. कपाट आत जाईना, तर स्वतः दाराची चौकट सैल करून दिली. तो हिवाळा आम्ही तिघांनी सोफ्याला वळसा घालून चालत काढला.

वसंतात मुक्काम हलवायची वेळ आली. ओझ्याचे उंट आमच्याकडे चार. दोघांवर गेर, एकावर घरचं सामान. चौथी एक तरणी सांडणी होती. तिची दोरी सासूबाईंनी माझ्या हातात दिली.

"ही तुझी. तुला हवं ते लाद," त्या म्हणाल्या.

मी आणि गालसाननं सोफा चढवला, कपाट चढवलं, पेट्या बांधल्या. सांडणी बसलेली होती, ती उठेचना. गालसाननं दोरी ओढली, मी मागून ढकललं. तिनं मान वर करून असा काही गळा काढला की दोन टेकड्यांपलीकडचा शेजारी घोड्यावरून बघायला आला. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"मी काही बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "ती बोलतेय."

कपाट उतरवलं. तरी नाही. सोफा उतरवला, तेव्हा सांडणी कुरकुरत उठली. उतरवलेलं सामान हिवाळी मुक्कामाच्या, जनावरांच्या दगडी वाड्यात ठेवलं आणि आम्ही निघालो. शरदात परत येऊन बघते तर सोफ्यात उंदरांचा संसार, लेकी-सुनांसकट. मला रडू आलं. सासूबाईंनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, कुणाच्या तरी उपयोगाला आला म्हणायचा. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण त्या स्वतःच दिवसाला दहा वाक्यं बोलायच्या.

त्यांची राहणी हळूहळू समजत गेली. त्यांच्या घरात मी कुणालाही कधी काही शोधताना पाहिलं नाही. डावा हात मागे नेला की चहाची पळी, उजवा नेला की दाभण. अंगावरचा एक डगला आणि सणाचा एक. फाटलं की ठिगळ, आणि ठिगळं इतकी बारीक टाक्यांची की आसपासच्या नव्या सुना ती बघायला यायच्या. कुणी आजारी आहे असं कळलं की पाच मिनिटांत घोड्यावर. कुलूप लावायचं नाही, कुणाला काही सांभाळायला सांगायचं नाही. मला वाटायचं, ही बाई सगळ्यांच्या घरी वेळेवर कशी पोचते? पुढे कळलं, तिला घरी अडकवणारं काही नव्हतंच.

पण हे कौतुक मी आज करतेय. तेव्हा माझ्या मनात वेगळंच होतं.

ती शेळ्यांच्या लोकरीची वर्षं. वसंतात शेळी विंचरली की अंगाखालची जी मऊ लोकर निघते, तिला असा भाव आला की शहाणीसुरती माणसं मेंढ्या विकून शेळ्या घेऊ लागली. सासऱ्यांचा चुलतभाऊ पुरेव आमच्यापासून घोड्यावर तीन तासांच्या अंतरावर राहायचा. त्याच्याकडे नऊशे शेळ्या झाल्या. मग ट्रक, जनरेटर, छत्रीसारखी ती टीव्हीची थाळी. माणूस मनाचा मोठा आणि आवाजाचा त्याहून मोठा. आमच्याकडे आला की चहाचा वाडगा हातात घेण्याआधीच सुरू व्हायचा.

"वहिनी, तुमच्या शेळ्या मोजायला हातापायांची बोटं पुरतात की हो."

"म्हणून तर मला त्यांची नावं पाठ आहेत. तुझ्या कितीजणी तुला ओळखतात?"

शेळ्या-मेंढ्या मिळून आमच्याकडे एकशे ऐंशी असायच्या, वर थोडे घोडे आणि उंट. दर शरदात सासूबाई वाड्याच्या दारात उभ्या राहून कळप आत घ्यायच्या आणि एकशे ऐंशीच्या वर जे असेल ते वेगळं काढायच्या. काही विकायचं, काही हिवाळ्यासाठी कापायचं, आणि उरलेलं कुणाला तरी द्यायचं. हे देणं मला बघवायचं नाही. चौथ्या वर्षी त्यांनी एका नव्या जोडप्याला बारा गाभण शेळ्या दिल्या. ना नात्याचे ना गोत्याचे. त्या दिवशी माझा तोल सुटला. मी म्हणाले, पुरेवकाकांकडे बघा, त्यांची मुलं शहरात शिकतात, आणि तुम्ही आम्हाला जन्मभर ठिगळं लावायला बसवणार आहात का?

गालसान उठून बाहेर गेला. तो भांडण सुरू झालं की घोड्याला पाणी पाजायला जायचा. आमचे घोडे कधी तहानले नाहीत.

"तुला काय कमी पडलं ते सांग," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मी सांगायला तोंड उघडलं आणि नेमकं काही आठवेना. दूध होतं, मांस होतं, सारनाईच्या, माझ्या लेकीच्या, पायात जोडे होते.

"कमी पडत नाही," मी म्हणाले, "पण उरतही नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "हो, ते खरं," म्हणाल्या, आणि शेगडीत शेणी सारली. माणसानं भांडायचं तरी कुणाशी?

त्यानंतरच्या वर्षी गालसानचा पाय मोडला. घोड्याचा खूर बिळात गेला आणि घोडा त्याच्या नडगीवर पडला. तालुक्याचं गाव सत्तर किलोमीटर. एव्हाना प्रत्येक गेरपुढे मोटारसायकल उभी असायची. आमच्याकडे नव्हती; गालसाननं दोनदा विषय काढला होता आणि दोन्हीदा सासूबाई म्हणाल्या होत्या, घोडा गवतावर चालतो, ती कशावर चालते? मी घोडा पुरेवकडे पिटाळला. ट्रक घेऊन तो शहराला गेलेला. तिथून आणखी पुढच्या वस्तीवर, तिथे गाडी मिळाली. गालसान दवाखान्यात पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टर म्हणाले, कालच आणलं असतं तर पाय सरळ बसला असता. तो वाकडा बसला तो बसलाच.

मी सासूबाईंना काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. पंधरा दिवस त्या जेवायला बसायच्या आणि तशाच उठायच्या. मग एक दिवस चारांपैकी एक उंट आणि आपला आवडता घोडा घेऊन त्या तालुक्याला गेल्या आणि पुरेवच्या ट्रकमधून परतल्या. मागे लाल रंगाची जुनी मोटारसायकल होती.

ती उतरवून झाल्यावर त्या गालसानच्या अंथरुणाशी बसल्या. "काय टाकायचं ते मला चांगलं कळत होतं," त्या म्हणाल्या. "काय टाकायचं नाही, ते कळलं नाही. माझ्या हट्टापायी तुझा पाय गेला."

"आई, बिळामुळे गेला," गालसान म्हणाला.

"बीळ माझं नाही. हट्ट माझा आहे."

मोटारसायकल चालवायला मी शिकले. त्या मागे बसायच्या, माझ्या कमरेला अशी मिठी मारून की श्वास कोंडायचा, आणि डोळे गच्च मिटून. पण बसायच्या. आणि त्यानंतर घरात काही आणायचं म्हटलं की त्या लगेच नाही म्हणायच्या नाहीत. पहिल्यांदा विचारायच्या, कुणाचा जीव वाचवायला लागेल असं आहे का हे?

आमच्या बारा प्राण्यांच्या पंचांगातलं बैलाचं वर्ष आलं आणि उन्हाळ्यात पाऊसच झाला नाही. गवत आलं ते विरळ आणि बोटभर. शरद सरता सरता ओला बर्फ पडला, आणि त्याच रात्री असा गोठला की जमिनीवर काच पसरल्यासारखी झाली. सकाळी सासूबाई बाहेर उभ्या राहून एका शेळीकडे बघत होत्या. शेळी खुरानं उकरत होती, खूर घसरत होता. आत येऊन त्या म्हणाल्या, उद्या पिवळ्या खिंडीपलीकडे जायचं. पलीकडे बुर्गासची दरी आहे. तिथला एक उतार असा की वारा त्याच्यावर बर्फ टिकू देत नाही. पण वाट दोन दिवसांची आणि एका उंटापुरती रुंद. ट्रकचं तिथे काम नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य टेकडीवर यायच्या आत आमचं घर तीन उंटांवर बांधून झालं होतं. गेरच्या भिंतीच्या पाच लाकडी जाळ्यांपैकी तीनच घेतल्या, छोटी गेर उभी राहील एवढ्या. माझ्या नारिंगी पेट्यांपैकी एक आली, एक राहिली. सारनाई शाळेसाठी माझ्या आईवडिलांकडे होती, ते बरं होतं. वाटेत पुरेवची वस्ती लागली. सासूबाईंनी त्याला सांगितलं, चल.

पुरेव म्हणाला, नऊशे जनावर खिंडीतून कसं न्यायचं? ट्रकमधलं डिझेल गोठलंय. सरकारकडून चारा येणार आहे म्हणतात. आणि हे सगळं कुणाच्या भरवशावर टाकून येऊ?

"पडू दे इथे," सासूबाई म्हणाल्या. "वारा नेणार आहे का?"

"जनरेटर नवा आहे हो, वहिनी."

सासूबाईंनी उंटाची दोरी हाती घेतली. मग त्याची बायको हांदा हिला म्हणाल्या, मन बदललं तर वाट पुसू नका, उंटांच्या लेंड्या बघत या. हांदानं मान हलवली. ती आली नाही.

आमच्या बोलीत अशा हिवाळ्याला झूद म्हणतात. जनावरांच्या मरणाचा हिवाळा. बुर्गासला आम्ही सुखात होतो असं नाही. शेळ्या हाडांवर आल्या. गालसान लंगड्या पायानं बर्फात चालू शकत नव्हता, तो आत शेगडी पेटती ठेवायचा आणि अशक्त जनावरांना उबेला घ्यायचा. कळप वळायचा तो मी आणि सासूबाईंनी.

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, सणाला काही दिवस राहिले होते. भर दुपारी वादळ आलं. कळप वर उतारावर विखुरलेला. आकाश आणि जमीन एक झाली. आम्ही दोघी दोन बाजूंनी वर चढलो. मी ओरडत होते, माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकेक टोळकं हाताला लागत गेलं, त्यांना खाली ढकलायचं, परत वर जायचं. शेवटी सगळा कळप दगडांच्या आडोशाला आला, तेव्हा उजेड अजून थोडा शिल्लक होता. सासूबाई त्यांच्यातून हात फिरवत गेल्या. "काळ्या कानाची नाही," म्हणाल्या. मी पन्नास पावलं मागे गेले. एका खडकाच्या पोटाला चिकटून ती उभी होती.

आत आलो. पापण्यांवरचा बर्फ विरघळून गालांवर आला होता. गालसाननं मिठाचा चहा दिला. सासूबाईंनी वाडगा दोन्ही हातांत धरला आणि कुणी काही न विचारता बोलायला लागल्या. त्यांच्या तोंडून इतकं बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

सासरे, दाम्बा त्यांचं नाव, असेच एका वादळात गेले हे मला माहीत होतं. कसे गेले ते गालसाननंही कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांच्याकडे पाचशे जनावरं होती. दाम्बाला जिल्ह्याचा उत्तम पशुपालक म्हणून पदक मिळालं होतं. वादळ आलं तेव्हा दाम्बा, सासूबाई आणि त्यांच्या सासूबाई, तिघं बाहेर पडली. अंधार पडायच्या आत निम्मी जनावरं आणली.

"मी म्हटलं, आता राहू दे. तो म्हणाला, अजून निम्मी बाहेर आहेत. आणि गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. भोवती शेळ्या उभ्या होत्या, त्यांतल्या काही जिवंत होत्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. "शेळ्यांनी त्याला मारलं असं मी म्हणत नाही. त्याला त्या सोडवेनात. पाचशे मिळवायला त्याला बारा वर्षं लागली होती. त्या वर्षी मी ठरवलं. वादळ आलं तर दोन बायका उजेड असेपर्यंत गोळा करतील एवढीच जनावरं ठेवायची. तेव्हा मी आणि माझी सासू होतो. आता मी आणि तू."

गालसाननं तोंड फिरवलं होतं. मला त्या माझ्या भांडणाची आठवण झाली आणि कान तापले.

"मला आधी का नाही सांगितलंत, आई?"

"नवी नवरी घरात आल्या आल्या तिला काय सांगायचं? इथे उभं राहून प्रेत बघ म्हणून?"

मी आठ वर्षं समजत होते की या बाईला कमीपणाची हौस आहे, किंवा कुठलं तरी व्रत आहे. तिनं फक्त एक माप धरलं होतं. त्या मापात माझाही जीव मोजलेला होता.

एप्रिलमध्ये बर्फ सुटला आणि आम्ही खिंड उतरलो. एकशे ऐंशीतली तीस गेली होती. वाटेवर सगळीकडे वास. पुरेवच्या वस्तीवर वाड्याच्या भिंतीला लागून मेलेली जनावरं रचलेली होती, माणसाच्या छातीपर्यंत. पुरेव ट्रकच्या पायरीवर बसला होता. नऊशेतली पन्नाससुद्धा धड उरली नव्हती. आम्हाला बघून तो उठला. त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मला आधी वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय.

"वहिनी, सामान सगळं शाबूत आहे," तो म्हणाला.

सासूबाई उंटावरून उतरल्या, बाह्या वर केल्या आणि ढिगाकडे गेल्या. तीन दिवस आम्ही तिथे होतो. निघण्यासारखं कातडं काढायचं, बाकीचं ओढत नेऊन खड्ड्यात टाकायचं. हांदा आणि मी एका मेलेल्या शेळीचे पाय धरून चालायचो आणि एकमेकींकडे बघायचो नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. पुरेवला काही जनावरं द्यायची, त्या म्हणाल्या, किती द्यायची ते तू सांग. दर वर्षी हा हिशोब त्या एकट्या करत आल्या होत्या.

"तीस," मी म्हणाले.

"आपल्याकडे एकशे वीस राहतील."

"राहू देत. मला यंदा धावायची ताकद नाही."

त्या हसल्या. या वेळी मात्र ते हसूच होतं, मला नक्की कळलं.

पुरेवनं ट्रक विकला आणि राहिला. त्या वर्षी सगळं संपलं म्हणून शहराच्या कडेला जाऊन राहिलेल्यांची तर गणतीच नाही. सासूबाईंनी ज्यांना बारा शेळ्या दिल्या होत्या, ते जोडपंही गेलं. त्यांच्या सगळ्या मेल्या. त्यातला नवरा आता इमारतींवर विटा वाहतो असं कळलं, तेव्हा मी सासूबाईंना मुद्दाम विचारलं, त्यांच्याकडेही कमीच होतं ना? मग त्या कमी असण्यानं त्यांना का नाही तारलं?

"बारा शेळ्यांना कमी म्हणत नाहीत. त्याला नसणं म्हणतात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आधी होतं, म्हणून मी कमी केलं. त्यांनी कशातून कमी करायचं?" मग म्हणाल्या, "मी त्यांना वीस द्यायला हव्या होत्या."

सासूबाई आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. नजर अधू झाली आहे, घोड्यावर बसवत नाही. हिवाळ्यात आमची आणि पुरेवची गेर शेजारीशेजारी असते. हांदा आणि मी मिळून दोन्ही कळप वळतो. पुरेवचा आवाज परत आला आहे, पूर्वीपेक्षा मोठाच, कारण आता सासूबाईंना ऐकूही कमी येतं आणि त्याला चिडवल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणतो, वहिनी, तुम्ही डोळेही कमी केलेत, आता कान? आणि त्या म्हणतात, तुझ्या वाटणीचे ठेवलेत तेवढे पुरेत.

सारनाई शहरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सासूबाई बसल्या जागी, हाताच्या अंदाजानं, तिच्यासाठी जेनाचे गुडघ्यापर्यंतचे जोडे शिवतात, दर हिवाळ्याला एक जोड. वसतिगृहात खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ आहेत आणि मुली तिथे असले जोडे घालत नाहीत. चार जोड तिच्या खाटेखाली पडून आहेत, खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या पेटीला जागा होत नाही. ती फोनवर मला म्हणते, आई, तू आजीला सांग ना.

मी म्हणते, तूच सांग. अजून कुणी सांगितलेलं नाही. पाचव्या जोडाचा एक पाय शिवून झाला आहे.